आवाज सुधारतो कशाने?

दोस्तांनो, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कधी गेलात का? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, त्याची ही पहिली औद्योगिक वसाहत. इथे रोड नंबर १६, रोड नंबर २२ असे नंबरांचे रस्ते आणि दिवसभर टेम्पो, रिक्षा, यंत्रं यांचा खडखडाट!

समजा, तुमचं घर इथेच, किसननगरात आहे. गाणी नीट ऐकू यावीत म्हणून तुम्ही दिवाळीपासून पैसे साठवलेत. दादा म्हणतो, "स्पीकरला महागडी वायर लाव, आवाज काचेसारखा स्वच्छ येईल!" ताई म्हणते, "छे, स्पीकरच बदल!" कोणाचं ऐकाल?

थांबा, आधी मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट ऐका. १९०४-०५ च्या सुमारास त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यासमोर जोर लावून गायचं. त्या हवेच्या थरथरीनेच सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. नाजूक सूर आणि तंबोऱ्याचा गुंजारव त्यात हरवून जायचा. १९२५ पासून मायक्रोफोनचं, विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. खाँसाहेबांनी १९३४ ते १९३६ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रण केलं, त्यात हळुवार सूरही टिपले गेले. तीस वर्षांत गळाही बदलतो, हे खरं. पण कर्ण्याने जे टिपलंच नाही, ते कुठली वायर परत आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणजे पहिला मान ध्वनिमुद्रणाचा. ते साठवण्याची अडचण तर केव्हाच सुटली. साध्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप नोंदवलेलं असतं. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, त्याला हे पुरेसं आहे.

दुसरा मान स्पीकरचा आणि खोलीचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. मोकळ्या भिंतींवर आपटून तो लगेच परत येतो आणि मूळ गाण्यात मिसळतो. पडदे, गाद्या, पुस्तकांचं कपाट यांनी हा गोंधळ कमी होतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर ढोलकीचा घुमारा वाढतो. थोडा पुढे ओढून पाहा! आणि रात्री रस्ता शांत झाला की तोच स्पीकर किती गोड वाटतो! कारण टेम्पोच्या आवाजाखाली दबलेले सूर आता ऐकू येतात. यातल्या कशालाही पैसे पडले नाहीत, बरं का!

आणि वायर? घरातल्या दोन-चार मीटरसाठी पुरेशी जाड, साधी तांब्याची वायर चांगली चालते.

तरीही दादाला पटत नाही? मग परीक्षाच घ्या. त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. एकच गाणं दोन्ही वायरींवर वाजवा आणि आवाज अगदी सारखा ठेवा. कारण थोडं मोठं वाजलेलं आपल्याला उगाच चांगलं वाटतं! कोणती वायर लावायची, ते दर वेळी नाणं उडवून ठरवा. असं वीस वेळा करा. दहाच्या आसपास उत्तरं बरोबर आली, तर दादा नुसता अंदाज करतोय. वीसपैकी अठरा आली, तर मात्र तुम्ही हरलात, कबूल करा!

किंमत वाचून कान फसतात. म्हणून साठवलेले पैसे काढण्याआधी एकदा रुमाल काढा!