नव्वदाव्या पानावरची खूण

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० साली आली आणि त्याच डिसेंबरात ठाण्याला ८४ वं साहित्य संमेलन भरलं. तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून मी ती मोठ्या ऐटीत घेतली. ‘कोसला’ कॉलेजात एका रात्रीत संपवली होती, मग ही काय अवघड!

नव्वदाव्या पानाशी गाडी अडली. मोहेंजोदडोला उत्खननावर असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याची तार येताच खानदेशातल्या मोरगावला निघतो, कथानक म्हणाल तर एवढंच. पण आठवणीला आठवण फुटते, माणसावर माणूस येतो. कोण कुणाचं कोण, हे जुळेपर्यंत ठाणं यायचं आणि बायकांच्या लोंढ्यात पुस्तक मिटायचं. तीनदा नव्याने सुरुवात केली. तीनदा नव्वद!

२०१५ च्या फेब्रुवारीत नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं. गाडीतल्या ग्रुपमध्ये मी ठोकून दिलं, ‘मी तर कधीच वाचलीय.’ घरीही तेच. अंतू बर्व्याच्या मुलखातली मी, खोटं बोलतानाही चेहरा हलत नाही.

पुढे नानांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांना विश्रांती हवी. म्हणाले, ‘ते जाडं पुस्तक वाचून दाखव.’ मी काढलं. त्यांनी कडांवरून बोट फिरवलं. ‘खूण तर अलीकडेच आहे की गं.’ मी गप्प.

नाना रावेर तालुक्यातले, नेमाडेही खानदेशातलेच. मी अडखळत वाचायची आणि ज्या शब्दाला मी ठेचकाळायची तिथे नाना खदखदून हसायचे. मग माझा हेल सुधारायचे, तसला एखादा म्हातारा त्यांच्या गल्लीत कसा होता ते सांगायचे. कधी तासात चार पानं व्हायची. ज्या फाफटपसाऱ्याला मी कंटाळले होते, तो नानांना पुरत नव्हता. गोष्ट पुढे सरकायची वाट बघणं मी केव्हा सोडलं, कळलंच नाही.

नव्वद ओलांडलं, दोनशे ओलांडलं. एका रविवारी वडिलांच्या आजारपणाचा भाग आला. मालमत्तेचा हा एकटा वारस, आणि याचा जीव उत्खननात. नानांनी हात वर करून मला थांबवलं. आत पेपर वाचत बसलेल्या माझ्या नवऱ्याला हाक मारली.

‘गावच्या घराचं काय ठरवलंयस रे तू?’

तो काही बोलला नाही. पेपर मात्र खाली आला. मी पानात बोट घालून तशीच बसून राहिले.