कोण बोलते, कोण पाहते : कथेतील दृष्टिकोनाच्या अध्यापनासंबंधी काही विचार

१

'निवेदन' आणि 'दृष्टिकोन' या संज्ञा पदवी व पदव्युत्तर वर्गांतून वर्षानुवर्षे शिकविल्या जात आहेत. तथापि कथेवरील उत्तरपत्रिका तपासताना असा अनुभव येतो, की विद्यार्थी 'येथे लेखकाने प्रथमपुरुषी निवेदनपद्धती वापरली आहे' असे एक वाक्य लिहितो आणि लगेच कथानकाच्या सारांशाकडे वळतो. त्या पद्धतीमुळे कथेच्या अर्थात कोणता फरक पडला, हे सांगण्याची गरज त्याला वाटत नाही. अलंकार ओळखून त्याचे नाव लिहावे, तसे तो निवेदनाचे नाव लिहून मोकळा होतो. हा दोष विद्यार्थ्याचा कमी आणि आपल्या अध्यापनाचा अधिक आहे. व्याकरणातील पुरुष आणि कथेतील दृष्टी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपण त्याला पुरेसे दाखवून दिलेले नाही. बारामती आणि इंदापूर परिसरातील विद्यार्थ्यांना कथा शिकविताना आलेल्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

२

पाश्चात्त्य समीक्षेत पर्सी लबक यांनी १९२१ मध्ये दृष्टिकोनाला कादंबरीच्या रचनेत मध्यवर्ती स्थान दिले. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये लेखक व निवेदक यांच्यातील अंतराची आणि 'अविश्वसनीय निवेदका'ची चर्चा केली. जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये 'कोण बोलते' आणि 'कोण पाहते' हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे केले. मराठीत ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) मध्ये कथेच्या तंत्राचे विवेचन केले. पुढे नवकथेने घटनेपेक्षा पात्राच्या जाणिवेला महत्त्व दिल्यावर दृष्टिकोनाचा प्रश्न अधिक निकडीचा झाला.

वर्गात मात्र ही सर्व परंपरा सांगून भागत नाही. तेथे तीन साधे प्रश्न उपयोगी पडतात : कोण बोलते? कोण पाहते? आणि कोणाला काय ठाऊक नाही? यांपैकी तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. परंतु उपरोध, सूचकता, विस्मय यांसारखी साधने कथेत कशी कार्य करतात, ते या प्रश्नानेच उलगडते.

३

प्रारंभासाठी व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मधील 'धर्मा रामोशी' ही कथा सोयीची आहे. नीरा नदी ओलांडून दक्षिणेस गेले, की फलटण-माळशिरसच्या पलीकडे माणदेश लागतो. त्यामुळे या कथेचा प्रदेश आमच्या विद्यार्थ्यांना परका नाही. मात्र सर्वांच्या तो सारखाच ओळखीचा आहे, असेही नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या गावांतील विद्यार्थी आणि सुपे-मोरगावकडील जिरायत गावांतील विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. उजनीच्या जलाशयामुळे जुने गाव सोडावे लागलेल्या इंदापूर तालुक्यातील घरांतूनही मुले येतात. दारिद्र्याचे वर्णन ही मुले एकाच जागेवरून वाचत नाहीत.

कथेतील 'मी' हा धर्माला ओळखणाऱ्या, त्याला काही देऊ शकणाऱ्या घरातील आहे. धर्माच्या अंगावर धड वस्त्र नाही, म्हणून त्याला धोतर दिले जाते. पुढे ते त्याच्या अंगावर दिसत नाही आणि त्याचा उलगडा निवेदकाला होत नाही. अखेरीस ते धोतर धर्माच्या मुलीच्या अंगावर दिसते. कथानक एवढेच. 'प्रथमपुरुषी निवेदन' हे उत्तर येथे बरोबर आहे. परंतु त्याने काहीच कळत नाही. निवेदकाला काय ठाऊक नव्हते, असे विचारले की वर्ग जागा होतो. बापाच्या उघडेपणापलीकडे घरात आणखी एक उघडेपणा आहे, हे देणाऱ्याला दिसलेले नव्हते. त्याचे पाहणे सहानुभूतीचे होते, तरीही अपुरे होते. कथेचा शेवट धर्माचे दारिद्र्य तर दाखवितोच, शिवाय पाहणाऱ्याच्या दृष्टीची मर्यादाही दाखवितो.

यानंतर हीच कथा मुलीच्या दृष्टीने एका पानात लिहावयास सांगावी. हा स्वाध्याय दिल्यावर असे आढळले, की बहुतेकांच्या लेखनातून शेवटचा धक्का नाहीसा होतो. कारण धोतर कोठे गेले, हे मुलीला पहिल्यापासूनच माहीत असते. त्याऐवजी दुसरे काही येते : बापाने धोतर पुढे केले तो क्षण, बाहेर कोणी आल्याची चाहूल, दारात उभे राहण्याचा संकोच. घटना तीच राहते आणि कथा बदलते. दृष्टिकोन म्हणजे कथेवर बाहेरून चढविलेला वेश नसून कथेची घडणच आहे, हे येथे व्याख्येवाचून समजते.

४

दुसऱ्या पायरीवर अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा घ्यावी. येथे निवेदन तृतीयपुरुषी आहे. म्हणून ते 'तटस्थ' आहे, असे विद्यार्थी बेधडक लिहितो. खाणीतील काम सुटलेला भीमा स्मशानातील राख चाळून आणि मढी उकरून सोने मिळवू लागतो. हीच हकिकत एखाद्या पोलीसपाटलाने किंवा मृताच्या आप्ताने सांगितली असती, तर भीमा मढ्यांवरचा चोर ठरला असता. परंतु बोलणारा निवेदक असला, तरी बराच काळ आपण भीमाच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्या डोळ्यांना राखेतील कण ही मजुरी दिसते. प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे त्याला गमवावी लागतात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. ही वार्ता आधी भीमाला ठाऊक नाही आणि वाचकालाही नाही. दोघांना ती एकदमच कळते. म्हणून हा उपरोध वरून पाहून हसण्याचा राहत नाही, तो सोबत सोसावा लागतो. तृतीयपुरुष आणि तटस्थता यांचे समीकरण मोडण्यास ही एक कथा पुरेशी आहे.

५

तिसरी कथा बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. रेल्वेत नोकरीला लागलेला 'मी' आपली जात लपवितो, सहकाऱ्यांचा आदर मिळवितो आणि सत्य उघड होताच त्यांच्याकडूनच मार खातो. येथे ज्ञानाची वाटणी वेगळी आहे. निवेदकाला ठाऊक आहे, वाचकाला ठाऊक आहे, सहकाऱ्यांना नाही; त्यामुळे त्यांच्या आदराच्या प्रत्येक उद्गाराला दुसरा अर्थ चिकटतो. नाट्यात्म उपरोध ही संज्ञा शिकविण्यास याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

परंतु शीर्षकावर अधिक थांबावे. 'चोरली' हे क्रियापद कोणाच्या दृष्टीचे आहे? जात ही कोणाची तरी मालमत्ता आहे आणि ती लपविणे हा गुन्हा आहे, असे मानणाऱ्या समाजाचा हा शब्द आहे. बोलणारा 'मी' आहे, शब्द मात्र मारणाऱ्यांचा आहे. तो शब्द स्वतःच्या तोंडी घेऊन निवेदक तो परत फेकतो. एकाच वाक्यात बोलणारा एक आणि पाहणारा दुसरा असू शकतो, ही गोष्ट सैद्धान्तिक विवेचनापेक्षा या एका क्रियापदाने लवकर पटते.

६

या पद्धतीत एक धोका आहे आणि तो शिक्षकाने ओळखला पाहिजे. अशा कथा शिकविताना एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या जातीचा अथवा गावाचा प्रतिनिधी म्हणून उभे करण्याचा मोह होतो. त्याने आपले घर वर्गासमोर उघडे करावे, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे 'धर्मा रामोशी' वाचूनही काही न शिकणे होय. प्रश्न संहितेविषयी असावेत. अनुभव सांगावा की नाही, हे विद्यार्थ्याने ठरवावे.

परीक्षेतील प्रश्नही बदलावयास हवा. 'निवेदनपद्धती स्पष्ट करा' याऐवजी 'निवेदकाला कोणती गोष्ट उशिरा कळते आणि त्या विलंबाने कथेचा अर्थ कसा घडतो?' असे विचारावे. याचे उत्तर मार्गदर्शिकेतून पाठ करून लिहिता येत नाही. त्यासाठी कथा वाचावी लागते. आपण पाहतो त्यापलीकडे काही उरते, एवढे भान विद्यार्थ्याला आले, तर दृष्टिकोन ही संज्ञा त्याला समजली, असे म्हणता येईल.