बंदी नेमकी कशावर आहे? ब्रिटनच्या हुबेहूब खोट्या बंदुकांची गोष्ट



“सर, सरकारने बंदी आणली, म्हणजे या धंद्यात आता काही राम नाही ना?” हा प्रश्न मला सतत विचारला जातो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा तर रोज यायचा. मी उलटा प्रश्न करतो, “बंदीचा कागद वाचलात का?” बहुतेकांनी बातमी वाचलेली असते, कागद नाही. आणि बातमीत एकच मोठा शब्द असतो: बंदी.

कागद वाचण्याने काय फरक पडतो, ते आज एका लांबच्या उदाहरणातून सांगतो. तुमच्यापैकी फारच थोडे या मालात उतरतील, पण उदाहरण भारी आहे.

एअरसॉफ्ट नावाचा एक खेळ आहे. लहानपणी आपण ‘ढिश्क्यांव’ करत गल्लीत पळायचो, त्याचं मोठ्या माणसांचं रूप समजा. दिसायला खऱ्यासारखी बंदूक, त्यातून ६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे गोल छर्रे सुटतात, डोळ्यांवर जाड संरक्षक गॉगल. जंगलात किंवा रिकाम्या इमारतीत दोन टोळ्या खेळतात. छर्रा लागला की स्वतःच हात वर करून ‘हिट’ म्हणायचं आणि बाहेर व्हायचं. (आपल्या गल्लीत “तू मेलास!” “नाही मेलो!” यावरच अर्धा खेळ संपायचा. इथे सगळा प्रामाणिकपणावर चालतो.) या खेळाची मजा बंदूक हुबेहूब दिसण्यात आहे, आणि पोलिसांची अडचणही तीच आहे. अंधारात, लांबून, समोरच्याच्या हातात खेळणं आहे की हत्यार, हे ओळखायचं कसं?

ब्रिटनने यावर २००६ मध्ये कायदा केला: व्हायोलंट क्राइम रिडक्शन अ‍ॅक्ट. खोट्या बंदुकांबद्दलची कलमं १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाली. बातमीच्या भाषेत, ‘हुबेहूब नकली बंदुकांवर बंदी’. ज्यांचं दुकान याच मालावर चालतं, त्यांनी हे ऐकून शटर ओढायला हवं होतं.

आता कलम वाचू. त्यात चार क्रिया आहेत. अशी बंदूक बनवायची नाही, विकायची नाही, देशात आणायची नाही, आणि साध्या खोट्या बंदुकीत बदल करून ती हुबेहूब करायची नाही. पुन्हा एकदा वाचा आणि काय नाही ते शोधा. ‘बाळगायची नाही’ असं त्यात कुठेच नाही! ज्याच्या कपाटात आधीपासून बंदूक होती, त्याची ती राहिली. रस्त्यावर विनाकारण घेऊन फिरणं गुन्हा आहे, पण त्याचा कायदा वेगळा आणि आधीचा. म्हणजे या कलमाचा भार हौशी माणसापेक्षा जास्त पडला तो बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर. आपल्यावर, थोडक्यात.

चौथी क्रिया हौशी लोकांना खरी झोंबली. रंगीत बंदूक घ्यायची आणि घरी काळा स्प्रे मारायचा, इतकी साधी गोष्ट. पण सूट लागू नसेल तर तो स्प्रेचा डबाच तुम्हाला गुन्हेगार करतो.

‘हुबेहूब’ कोण ठरवणार?

इथे कायदा लिहिणाऱ्यांना मानावं लागेल. आकारमान, ठेवण किंवा मुख्य रंग खऱ्या बंदुकीला न शोभणारा असेल तर ती ‘हुबेहूब’ नाही. २००७ च्या नियमांत रंगच दिले: भडक लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा. आरपार दिसणारी पारदर्शकही चालेल. उंची ३८ मिलिमीटर आणि लांबी ७० मिलिमीटर या मापापेक्षा छोटी असेल, म्हणजे कीचेनला लावतात तशी, तर तिलाही मोकळीक. आणि १८७० पूर्वीच्या घडणीची दिसत असेल तर ती या व्याख्येत येतच नाही. चापावर गारगोटी असलेल्या जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती जमवणारे त्यामुळे निवांत राहिले.

‘मुख्य रंग’ या दोन शब्दांतून बाजारात एक नवा माल उभा राहिला: दोन रंगांची बंदूक. अर्ध्याहून जास्त भाग भडक निळा किंवा हिरवा, बाकी काळा. दुकानदारांच्या तोंडी ‘५१ टक्के’ हा आकडा बसला. यंत्र तेच, खेळायला तशीच, फक्त दिसायला लग्नाच्या बँडवाल्यासारखी. हौशी खेळाडू नाक मुरडतात, पण नवशिक्याला अठरा वर्षं पूर्ण झाली की दुसऱ्या कुठल्याही पुराव्याशिवाय मिळते ती हीच. अठराखालच्या कोणालाही खोटी बंदूक विकणं याच कायद्याने बंद केलं.

मग हुबेहूब बंदूक कोणाला मिळते?

मूळ कायद्यात सूट होती ती संग्रहालयं, नाटक, सिनेमा, टीव्ही आणि ऐतिहासिक प्रसंगांचे प्रयोग करणाऱ्यांना. एअरसॉफ्टचं नाव नव्हतं. खेळाडू आणि दुकानदारांनी गृहखात्यापुढे बाजू मांडली आणि २००७ च्या नियमांत त्यांना जागा मिळाली. अट कोणती, तर खेळाच्या आयोजनासाठी त्रयस्थ व्यक्तीला होणाऱ्या नुकसानीचा विमा हवा.

पण ही सूट कशी आहे ते नीट समजून घ्या. परवाना नाही, सरकारी कार्ड नाही. हा ‘बचाव’ आहे. उद्या पोलीस दुकानात आले तर दुकानदाराने दाखवायचं की हा माल मी अशाच खेळासाठी विकला. समोरचा पोरगा काउंटरवर म्हणतो, “मी खेळाडू आहे.” खरं की खोटं? ठरवायचं दुकानदाराने, आणि चुकलं तर खटला त्याच्यावर.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मला वाटतं, आपल्याकडे बहुतेकांनी एका कागदावर सही घेतली असती आणि देवावर हवाला ठेवला असता. त्या दुकानदारांनी एकत्र येऊन संघटनेमार्फत नोंदवही बनवली. संघटनेचं नाव युनायटेड किंगडम एअरसॉफ्ट रिटेलर्स असोसिएशन, लोक नुसतं ‘यूकारा’ म्हणतात. पद्धत अशी: विमा असलेल्या, नोंदणीकृत मैदानावर किमान तीन वेळा खेळायचं. पहिल्या आणि तिसऱ्या खेळात निदान ५६ दिवसांचं अंतर हवं. मग मैदानवाला अर्ज पुढे पाठवतो, खेळाडूला क्रमांक मिळतो, दरवर्षी नूतनीकरण. दुकानदार क्रमांक तपासतो आणि विकतो.

गंमत म्हणजे कायद्यात ‘यूकारा’ हा शब्दच नाही, ५६ दिवसही नाहीत. तुम्ही खरोखर खेळता हे दुसऱ्या मार्गाने पटवून दिलंत तर तोही बचाव कायद्याला चालतो. पण व्यापाऱ्यांनी बनवलेली पद्धत इतकी रुळली की कित्येक खेळाडूंना हाच सरकारी परवाना वाटतो.

याची झळही बसली, ते लपवत नाही. आज जोश आलेल्या नव्या माणसाला मनासारखी बंदूक दोन महिन्यांनी मिळणार. दोन महिन्यांत किती जणांचा उत्साह टिकतो, हे जिमवाल्याला विचारा. जो एकटाच घरी मॉडेल म्हणून जमवतो, मैदानावर कधी जात नाही, त्याच्यासाठी तर दार जवळपास बंदच झालं. त्याची हौस कोणाला त्रास देणारी नव्हती, तरी सूट ‘खेळ’ नावाच्या कृतीला मिळाली, संग्रहाला नाही. मला हा भाग अन्यायाचाच वाटतो.

पण धंद्याच्या नजरेने त्या दोन महिन्यांकडे बघा. तीन खेळ तर खेळायचेच आहेत, म्हणजे मैदानवाल्याकडून बंदूक भाड्याने घ्यायची. गॉगल, बूट, हातमोजे, कपडे, छर्रे यांना क्रमांक लागत नाही, ते पहिल्या दिवसापासून विकता येतात. मैदानवाल्याला मात्र विमा काढावाच लागला, नाहीतर त्याच्याकडच्या खेळण्याला सुटीच्या हिशेबात किंमत नाही.

जपानची गोष्ट आणखी वेगळी, थोडक्यात सांगतो. तिथे धातूच्या मॉडेल पिस्तुलांचा मोठा शौक होता. १९७१ मध्ये नियम आला: धातूचं पिस्तूल पांढरं किंवा पिवळं हवं आणि नळी बुजवलेली हवी. १९७७ मध्ये तो आणखी कडक झाला. नियमाचा रोख धातूवर होता, म्हणून कारखानदार प्लास्टिककडे वळले. प्लास्टिकला काळा रंग चालत होता! पुढे २००६ मध्ये तिथे छर्ऱ्याच्या जोरावर मर्यादा आली, ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्याला जेमतेम ०.९८ ज्यूल. ब्रिटनने रंग आणि खरेदीचं कारण धरलं, जपानने धातू आणि ताकद. वस्तू जवळपास तीच, पण दोन्हीकडचे दुकानदार वेगळा माल मांडून बसलेत.

आता घरचं बघू, कारण खेळण्यांच्या आयातीबद्दल तुमचे भरपूर प्रश्न असतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. इथेही कागद वाचा. परवाना बीआयएस देते तो कारखान्याला, व्यापाऱ्याला नाही. म्हणजे परदेशातून माल आणताना तुम्ही इथे कितीही कागद रंगवलेत तरी उपयोग नाही, तिथल्या कारखान्याकडे बीआयएसचा परवाना हवा. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. आजचा दर कस्टम एजंटकडून लेखी घ्या, जुन्या व्हिडिओवरून, अगदी माझ्यासुद्धा, हिशेब करू नका. आणि माल बंदुकीसारखा दिसणारा असेल तर १९५९ चा शस्त्र कायदा काढून सहावं कलम वाचा. त्यात नकली बंदुकीची व्याख्या दिली आहे आणि परवान्याशिवाय तिची खरी बंदूक करायला मनाई आहे. छर्रा जोरात फेकणारी वस्तू असेल तर खेळण्यांच्या नियमांवर थांबू नका, शस्त्रांचे नियम जाणणाऱ्या वकिलाला आधी दाखवा.

पुरवठादाराला पहिल्याच फोनवर परवाना क्रमांक मागा. “माल पोचल्यावर बघू” म्हणाला तर ॲडव्हान्स पाठवू नका. क्रमांक दिला तर बीआयएसच्या साइटवर टाका आणि तीन गोष्टी जुळवा: कारखान्याचं नाव, पत्ता, आणि तुम्ही मागवताय तोच खेळण्याचा प्रकार त्या परवान्यात आहे का.