आईचे फुलांचे कडे

माता-भगिनींनो, सणाच्या दिवशी आपल्या दारावर काहीतरी शोभा असावी असे कोणाला वाटत नाही? पण दर वेळी बाजारातून तयार माळा आणायच्या म्हटल्या तर हातावर पोट असलेल्या संसाराला ते झेपत नाही. माझ्या आईने यावर साधा उपाय काढला होता. तिने बांबूच्या कामटीचे एक गोल कडे केले आणि मोसमाप्रमाणे त्याचा साज बदलून वर्षानुवर्षे तेच चाळीतल्या आमच्या खोलीच्या दारावर लावले.

कडे करण्याची रीत अवघड नाही. ४ फूट लांबीची पातळ कामटी रात्रभर पाण्यात भिजवावी, म्हणजे ती न मोडता वाकते. दोन्ही टोके ४ इंच एकमेकांवर घेऊन सुतळीने आवळावीत. साधारण १४ इंच रुंदीचे कडे होते. ते वाळले की जुन्या पांढऱ्या साडीची पट्टी गच्च गुंडाळून टाके घालावेत.

फुलांसाठी शिंप्याकडच्या चिंध्या पुरतात. २ इंच रुंद आणि फूटभर लांब पट्टीच्या एका कडेला धावदोरा घालावा. दोरा ओढला की चुण्या पडून फूल तयार होते. हे फूल खळीने चिकटवू नये. खळीला कसर लागते आणि काढताना फूल फाटते. आई प्रत्येक फुलामागे दोन बंद शिवायची, बाळाच्या झबल्याला असतात तसे. बांधायला सोपे, सोडायलाही सोपे.

१४ एप्रिलला कड्यावर निळी आणि पांढरी फुले असायची. वैशाख पौर्णिमेला तीच ठेवून त्यांत पिवळी, तांबडी आणि केशरी बांधली की धम्मध्वजाचे पाचही रंग पुरे होत. १८८५ साली सिलोनमध्ये हा ध्वज प्रथम फडकला तोही वैशाख पौर्णिमेलाच.

पावसाळा लागण्यापूर्वी सगळी फुले सोडून धुवावीत. तांबडी वेगळी धुवावीत, नाहीतर पांढऱ्यांना रंग लागतो. कडकडीत वाळवून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. कडे घरात, ओल नसलेल्या भिंतीवर टांगावे. दमट हवेत बांबूला लवकर कीड धरते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास झेंडू स्वस्त असतो. तेव्हा कड्यावर ताजा झेंडू बांधावा, पण दुसऱ्या दिवशी काढावा, नाहीतर पट्टीवर डाग पडतात. उतरलेली फुले वाळवली की पुढच्या साली कुंडीत टाकायला बी मिळते. ६ डिसेंबरला मात्र सारे रंग उतरवून फक्त पांढरी फुले. आमच्या घरी त्या दिवशी विकतचा हार येत नाही. त्या पैशांच्या वह्या घेऊन आम्ही वस्तीतल्या मुलांना देतो.

२०१९ च्या पावसाळ्यात आई गेली. त्या गडबडीत कडे आत घ्यायचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. डिसेंबरात ते खाली काढले तर पिठासारखा भुगा हातावर सांडला. कामटी किडीने आतून पोखरली होती. थोरला भाऊ म्हणाला, "टाकून दे. शंभर-दोनशे रुपयांत प्लॅस्टिकचे मिळते." मला ते टाकवेना आणि दुरुस्तही करवेना. नवी कामटी घालायची तर पट्टी सोडावी लागणार आणि त्या पट्टीवर आईचे टाके होते. पहिला टाका उसवायला कात्री लावली आणि हात थांबला.

शेजारी बसलेली माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, आजी तरी दर वर्षी काय करायची? सोडायची आणि परत बांधायची. तू नाही सोडलेस तर बांधणार काय?"

मी नोकरीने कारकून. जुन्या फाइली जपून ठेवण्याचीच सवय. पण पोरीचे बोलणे पटले. आम्ही दोघींनी पट्टी उसवली, धुतली आणि नवी कामटी भिजत घातली. पट्टीचा हातभर भाग कुजला होता. तेवढा कापून तिथे माझ्या जुन्या साडीचा तुकडा जोडला. टाके मुलीने घातले. पांढरी फुले मात्र आईच्याच हातची होती. ती डब्यात सुखरूप राहिली होती. ६ डिसेंबरच्या सकाळी कडे दारावर लागले.

आता आमच्या कड्यात फुलांवर आईचे बारीक टाके आहेत आणि पट्टीवर नातीचे लांब-लांब. भगिनींनो, आपल्याही घरी अशी एखादी हाताची वस्तू माळ्यावर पडली असेल. या पावसाळ्याआधी ती खाली काढा, उन्हाला दाखवा आणि मुलांना सोबत घेऊन उसवा. परत बांधताना ती त्यांच्या हाती जाईल.

जयभीम.