पडदा ४० किलोचा, खांबावर ओढ ५०० किलोची! स्टेजवर डोक्यावर टांगलेल्या सामानाचं गणित काय?

गॅदरिंग असो की जत्रा, पडदा, झालर, लाइट आणि देखावा वर टांगला जातो तो अंदाजानेच. हा अंदाज कुठे चुकतो?

कडा (जि. बीड) : डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, चैत्रात जत्रा, मध्ये गणेशोत्सव. कड्यासारख्या गावात कार्यक्रम कुठलाही असो, स्टेज उभं राहण्याची पद्धत साधारण एकच. मंडपवाला सकाळी टेम्पो घेऊन येतो, लोखंडी पाइप उभे करतो, दोन खांबांत तार ओढतो. मग तिच्यावर मागचा पडदा, पुढची झालर आणि एखादा थर्माकोलचा महाल चढतो. खालून सूचना एकच असते, "घट्ट ताण, झोळ नको." ताठ पडदा दिसतो छान, पण खरी गडबड या ताठपणातच आहे.

ताठ तार धोक्याची का?

दोन खांबांत १० मीटर अंतर आहे आणि पडद्याचं ४० किलो वजन तारेवर सारखं पसरलं आहे, असं धरू. मध्यभागी तार फक्त १० सेंटिमीटर झुकेल इतकी ताणली, तर ती प्रत्येक खांबाला आतल्या बाजूला सुमारे ५०० किलोच्या जोराने खेचते. तीच तार ५० सेंटिमीटर झुकू दिली, तर ओढ १०० किलोवर येते. पडदा तोच, खांबही तेच.

कारण सोपं आहे. अगदी आडवी तार वजन पेलूच शकत नाही, त्यासाठी तिला थोडा तिरपेपणा लागतो. तो जितका कमी, तितकी ओढ जास्त. घरी वाळवणाच्या दोरीवर ओल्या चादरी टाकल्यावर भिंतीतला खिळा उपटून येतो, तो याच हिशेबाने. इंजिनिअरिंगला हे सूत्र मी पाठ केलं होतं. तरीही आमच्याच कॉलेजच्या गॅदरिंगला तार ताणायला सगळ्यात पुढे मीच होतो. तालीम सुरू असताना खांब आत झुकला. खाली कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

उपाय महागडा नाही. झोळ राहू द्या आणि तो झालरीने झाका. खांबांना बाहेरच्या बाजूने तणावे द्या. शक्य असेल तर तारेऐवजी मजबूत आडवा पाइप वापरा, म्हणजे खांबावर येतं ते बहुतांश सरळ खाली जाणारं वजन.

आणि वारा?

उघड्यावरच्या स्टेजला वजनापेक्षा वारा जास्त छळतो. ६ बाय ४ मीटरच्या पडद्यावर ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जोर सुमारे १८० किलोचा बसतो. जत्रांचा हंगाम म्हणजे वळवाच्या पावसाचाही हंगाम. मे २०२४ मध्ये घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ते होर्डिंग अवाढव्य होतं, पण उभ्या पृष्ठभागावर वारा आदळतो हे तत्त्व तेच. म्हणून पडदा असा बांधावा की वारा सुटताच एका माणसाला तो पटकन खाली सोडता येईल. वीस गाठी मारलेला पडदा त्या वेळी सुटत नाही.

मोठ्या नाट्यगृहांत काय करतात?

संगीत नाटकांच्या काळात रंगवलेले भव्य पडदे हे नाटक कंपन्यांचं वैभव होतं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी सिनेमात येण्याआधी असे पडदे रंगवले. त्यांना वर ओढायला दोर, कप्पी आणि माणसं लागत. युरोपात हे काम पूर्वी जहाजावरचे खलाशी करत आणि शिट्टीवर इशारे देत, म्हणून स्टेजवर शिट्टी वाजवणं अशुभ मानतात, असं सांगतात. (आपल्याकडे शिट्टीशिवाय तमाशाचा फड रंगत नाही, हा भाग वेगळा.)

आज मोठ्या नाट्यगृहांत स्टेजच्या वर उंच मोकळी जागा असते, तिला फ्लाय टॉवर म्हणतात. तिथे आडव्या पाइपला देखावा बांधतात आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाच्या लोखंडी विटा ठेवतात. मग १२० किलोचा देखावाही एक माणूस सहज वर-खाली करतो. इथे क्रमाला महत्त्व आहे. चढवताना पाइप खाली ठेवून आधी देखावा बांधायचा, मग विटा भरायच्या. उतरवताना पाइप खाली आणून आधी विटा काढायच्या, मग देखावा सोडायचा. हा क्रम उलटला की रिकामा पाइप वर उसळतो आणि विटांचा ढीग खाली आदळतो. दोर हाताने धरून हे थांबवता येत नाही.

कार्यक्रम संपल्यावर सामान वरच राहिलं तर?

अनेक ठिकाणी जुने पडदे महिनोन् महिने वरच टांगलेले असतात. धूळ खाल्लेलं सुकं कापड, शेजारी तापलेले लाइट आणि जुनी वायरिंग. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वाय थिएटरमध्ये दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला आणि आग वर टांगलेल्या रंगीत कॅनव्हासपर्यंत गेली. आग अडवणारा सुरक्षा पडदा खाली येताना मध्येच अडकला. ६०० हून अधिक लोक दगावले. आपल्याकडे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.

वजन कुणाला माहीत आहे?

२८ जुलै २०२२ रोजी हाँगकाँगच्या एका कॉन्सर्टमध्ये टांगलेला एलईडी स्क्रीन नर्तकांवर कोसळला. पोलादी दोर झिजून थकला होता. शिवाय टांगलेल्या सामानाचं वजन प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदवलं होतं, असं चौकशीत समोर आलं. ६ मीटरवरून सुटलेली वस्तू १.१ सेकंदात खाली येते, तीही ताशी ३९ किलोमीटर वेगाने. ओरडून सावध करायलाही तेवढा वेळ पुरत नाही.

आडतीवर कांद्याची गोणी तोलल्याशिवाय पैसे दिले जात नाहीत. थर्माकोलचा महालही त्याच काट्यावर ठेवता येतो. आलेला आकडा मार्करने पाइपच्या टोकावर लिहा. दोर त्या वजनाच्या ८ ते १० पट भार पेलणारा घ्या, कारण गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. वर्षभर उन्हात राहिलेली नायलॉनची दोरी वापरू नका. उघडा एस-हुक टाळा, डी-शॅकल लावा. प्रत्येक लाइटला क्लॅम्पशिवाय वेगळी साखळी हवी. आणि सामान वर चढत असताना मुलांची तालीम स्टेजखाली, मैदानात घ्या.