डावखुऱ्यांनी पिस्तूल कसं निवडावं?

डावखुरं असणं म्हणजे काय, ते आपल्या कॉलेजातल्या डावखुऱ्यांनाच विचारा! लेक्चर हॉलमधल्या खुर्चीची लिहायची फळी उजवीकडे. मिनी ड्राफ्टर अडकवायचा तो बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे लिहिणारा हात नेमका दांड्यांच्या मध्ये. कॉम्प्युटर लॅबमधला माउस उजवीकडे. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. म्हणजे साठ जणांच्या वर्गात पाच-सहा जण तरी नक्कीच. पण वस्तू बनवणाऱ्याला उरलेले चोपन्नच दिसतात.

आपल्यातले जे एनसीसीत आहेत त्यांनी .२२ ची रायफल हाताळली असेल. तिचा बोल्ट उजवीकडे असतो. डाव्या हाताने ट्रिगर दाबणाऱ्याला प्रत्येक राउंडनंतर हात वरून पलीकडे न्यावा लागतो. पिस्तुलात हा प्रश्न आणखी बारीक होतो, कारण इथे सगळं यंत्रच एका मुठीत असतं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची मूठ, बटणं, खटके, सगळं कुठल्या तरी एका हाताचा विचार करून ठेवलेलं असतं. तो हात बहुधा उजवा असतो.

हा लेख आहे तो नेमबाजी खेळ म्हणून सुरू करू पाहणाऱ्या डावखुऱ्यांसाठी. पण उजव्यांनीही वाचायला हरकत नाही. उद्या वस्तू डिझाइन करणारे आपणच आहोत!

आधी मशीन समजून घेऊ

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येतं. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड (किंवा आतला बोल्ट) मागे जाते. एक्स्ट्रॅक्टर नावाची नखी रिकाम्या पुंगळीला धरून मागे ओढते. वाटेत इजेक्टर तिला टिचकी मारतो आणि पुंगळी खिडकीतून बाहेर उडते. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि स्लाइड जाता जाता मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये सारते. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याआधी होतं.

आता यात डावं-उजवं कुठे आलं? चार ठिकाणी. पुंगळी बाहेर पडायची खिडकी, मॅगझिन सोडायचं बटण, सेफ्टीचा खटका आणि मागे थांबलेली स्लाइड सोडायचा खटका. जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं आणि अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेलं कोल्टचं पिस्तूल डोळ्यासमोर आणा. त्याचं बटण आणि दोन्ही खटके डाव्या बाजूला आहेत, कारण उजव्या मुठीत धरलं की उजवा अंगठा नेमका तिथे येतो. पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या तोंडापासून दूर. उजव्या माणसासाठी अगदी चोख डिझाइन! त्यानंतरच्या अनेक पिस्तुलांनी हीच मांडणी गिरवली.

काय अडतं, काय अडत नाही

अशा पिस्तुलात डाव्या हाताचा अंगठा उजव्या बाजूला येतो आणि तिथे काहीच नसतं. सेफ्टीचा खटका एकाच बाजूला असेल तर तो अंगठ्याच्या आवाक्यात येत नाही. मग मूठ सैल करून पिस्तूल हातात फिरवावं लागतं, किंवा दुसरा हात आणावा लागतो. ही नुसती गैरसोय नाही. मूठ सैल झाली की नळीचं तोंड हलतं, आणि रेंजवर नळीचं तोंड कायम टार्गेटकडेच असलं पाहिजे हा पहिला नियम आहे. शिवाय उजवीकडे उडणारी गरम पुंगळी डावखुऱ्याच्या तोंडासमोरून जाऊ शकते, कारण त्याचं डोकं पिस्तुलाच्या उजव्या अंगाला असतं. म्हणून संरक्षक चष्मा आणि पुढे छज्जा असलेली टोपी विसरायची नाही.

पण काही गोष्टी डावखुऱ्याच्या फायद्याच्याही आहेत. मॅगझिनचं बटण तो तर्जनीने दाबू शकतो, म्हणजे अंगठा मुठीवरून हलतच नाही आणि तर्जनी आपोआप ट्रिगरपासून लांब जाते. खिडकी त्याच्याच बाजूला असल्यामुळे चेंबर रिकामं आहे की नाही हे मान न वळवता दिसतं. तेव्हा "सगळं जग आमच्याविरुद्ध" असा सूर लावायचं कारण नाही!

निवडायच्या पायऱ्या

१) डोळा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटा त्रिकोण करा आणि त्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहा. मग एक एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ त्रिकोणातच राहतं तो तुमचा मास्टर आय. डावखुऱ्याचा मास्टर आय डावाच असतो असं नाही. आपला सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग करतो उजव्या हाताने, तसंच शरीराचं हे वाटप सरळ रेषेत नसतं. हात डावा आणि डोळा उजवा असला तरी घाबरू नका. रायफलमध्ये गाल लाकडाला टेकलेला असतो, म्हणून तिथे हे अवघड जातं. पिस्तूल मात्र हातभर लांब असतं, त्यामुळे डोकं किंचित वळवून काम भागतं. शिवाय नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर ३० मिलिमीटर रुंदीपर्यंतची पट्टी लावायला आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगी आहे. पिस्तुलात सहसा हाताला मान द्यावा, डोळा जुळवून घेतो.

२) मूठ. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच! स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप हाताच्या आकाराप्रमाणे कोरलेली असते. बोटांना खाचा, अंगठ्याला फळी, तळव्याखाली वर-खाली सरकणारा आधार. त्यामुळे उजवी ग्रिप डाव्या हातात बसतच नाही. उजव्या पायाचा बूट डाव्या पायात घालण्यासारखं ते आहे. गोची अशी होते की क्लबमधल्या सगळ्यांच्या वापराच्या पिस्तुलांना बहुधा उजवी ग्रिप असते. नवीन आलेला मुलगा मुकाट्याने उजव्या हाताने सुरुवात करतो आणि पुढे वर्षभर "माझा हात थरथरतो, हा खेळ माझा नाही" म्हणून सोडून देतो. हात चुकीचा होता हे त्याला कधी कळतच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कोचला सांगा, "सर, मी डावखुरा आहे." पार्डिनी, मोरिनी, वाल्थर, स्टायर अशा कंपन्यांच्या पिस्तुलांना डावी ग्रिप मिळते. पिस्तूल तेच, ग्रिप फक्त बदलायची. साइझही स्मॉल, मीडियम, लार्ज अशा असतात. तरीही टोचलं तर नेमबाज लाकूड कानशीने घासतात, कुठे पुट्टी भरतात. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये केलेलं फायलिंग शेवटी इथे कामी येतं! फक्त घासताना नियमाचं भान ठेवा, ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये.

ग्रिप बरोबर बसली का ते कसं ओळखायचं? रिकामं पिस्तूल घ्या, चेंबर स्वतः तपासा आणि कोचलाही दाखवा. मग टार्गेटकडे तोंड करून डोळे मिटा, हात वर करा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ तुमची आहे. दर वेळी ती एकाच बाजूला सरकलेली दिसली तर ग्रिप तुमच्या मनगटाला वाकवते आहे. हे एवढं महत्त्वाचं का? २५ मीटर पिस्तूल प्रकारातल्या रॅपिड भागात हात ४५ अंशांवर खाली ठेवून उभं राहायचं असतं. टार्गेट दिसलं की तीन सेकंदांत हात वर, नेम आणि एक गोळी. तीन सेकंदांत मनगट सुधारायला वेळच नसतो.

३) ट्रिगर. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ टेकलं पाहिजे आणि बोटाची बाजू फ्रेमला घासता कामा नये. घासलं तर डावखुऱ्याच्या गोळ्या बाजूला जातात. स्पर्धेच्या पिस्तुलात ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो, काहींत तिरकाही करता येतो. तो आधीच्या उजव्या नेमबाजासाठी लावलेला असू शकतो, म्हणून स्क्रू फिरवून स्वतःसाठी लावून घ्या. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलात ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं आणि १० मीटर एअर पिस्तुलात ५०० ग्रॅम.

४) बटणं आणि खटके. आता गंमत ऐका. ज्याची इतकी चर्चा होते तो हा मुद्दा खेळाच्या पिस्तुलात सगळ्यात कमी त्रास देतो. वाल्थर जीएसपी किंवा पार्डिनी एसपी यांचं मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे असतं आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी धरून ओढता येतो. मॅगझिन बदलायला आरामात दुसरा हात वापरता येतो. सेफ्टीच्या खटक्यापेक्षा रेंजवर रिकाम्या चेंबरमध्ये घातलेल्या रंगीत सेफ्टी फ्लॅगवर भर असतो.

५) पुंगळी. ती उजवीकडेच उडणार. २५ मीटर रेंजवर दोन नेमबाजांच्या मध्ये पडदे असतात, त्यामुळे शेजाऱ्याला त्रास नाही. विकत घ्यायच्या आधी त्याच पिस्तुलातून पन्नासेक राउंड मारून पाहा. पुंगळ्या सारख्या कपाळावर येत असतील तर दुसरं मॉडेल बघा.

डिझायनर लोकांनी काय केलं?

हा भाग खास इंजिनिअरांसाठी. (यातली बरीच पिस्तुलं ९ एमएमची आहेत. हा बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, तेव्हा अभ्यासापुरतंच!) डावखुऱ्यांच्या प्रश्नाला चार प्रकारची उत्तरं सापडतात.

पहिलं उत्तर आरशाचं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रँडल नावाच्या छोट्या कंपनीने १९११ ची संपूर्ण उलटी आवृत्ती काढली. खिडकी डावीकडे, खटके उजवीकडे. डावखुरे खूश, पण प्रत्येक महत्त्वाचा पार्ट वेगळा बनवायचा आणि गिऱ्हाईक दहातलं एक! कंपनी काही वर्षांतच बंद पडली. दुसरं उत्तर म्हणजे दोन्हीकडे बसवणं. हेकलर अँड कॉखच्या यूएसपीत (१९९३) मॅगझिनची पट्टी ट्रिगर गार्डच्या दोन्ही अंगांना आहे. तिसरं, उलटवता येणारा पार्ट. ग्लॉकने २०१० च्या चौथ्या पिढीत मॅगझिनचं बटण काढून दुसऱ्या बाजूला लावायची सोय केली आणि २०१७ च्या पाचव्या पिढीत स्लाइडचा खटका दोन्हीकडे दिला. चौथं उत्तर सगळ्यात जुनं, ते म्हणजे मध्यावर ठेवणं. जर्मनीच्या वाल्थर पी-३८ सारख्या जुन्या युरोपियन पिस्तुलांत मॅगझिनचा खटका मुठीच्या तळाशी असतो. तिथे डावं-उजवं हा भेदच नाही. या पी-३८ मधून पुंगळीही डावीकडे उडते!

यातलं जिंकलं कोण? आरसा हरला, दोन्हीकडे बसवणारे टिकले. २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने सिग सावरचं एम-१७ निवडलं, तेव्हा दोन्ही हातांनी वापरता येणं ही त्यांची अटच होती. डावखुऱ्यांसाठी वेगळी वस्तू करण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच नीट केलेली वस्तू शेवटी स्वस्त पडते.

हात बदलता येतो का?

येतो. हंगेरीच्या सैन्यातला कारोय टकाच उजव्या हाताचा उत्तम नेमबाज होता. १९३८ मध्ये सरावात हातबॉम्ब फुटला आणि त्याचा उजवा हात गेला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली. युद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक्स झालीच नाहीत. १९४८ ला लंडनमध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्णपदक जिंकलं आणि १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा तेच केलं. याच रॅपिड फायर प्रकारात आपल्या विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं.

पण टकाचच्या गोष्टीचा उलटा अर्थ काढू नका. त्याने हात बदलला कारण त्याच्यापुढे दुसरा हातच नव्हता. तुमचा चांगला हात जागेवर आहे. केवळ क्लबमध्ये ग्रिप नाही म्हणून तो खिशात घालायचं काही कारण नाही.

सुरुवात कुठून करावी?

.२२ पिस्तुलाला आर्म्स ॲक्ट, १९५९ प्रमाणे परवाना लागतो आणि त्यासाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांना अजून अवकाश आहे. तोपर्यंत क्लबमध्ये कोचच्या देखरेखीखाली १० मीटर एअर पिस्तूलने सुरुवात करावी. मूठ, ट्रिगर आणि डोळा या तिन्ही गोष्टी तिथेच कळतात. मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला रेंज आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्येच २०१३ साली चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हा महाराष्ट्रात हा खेळ परका नाही.

थोडक्यात काय, "डाव्या हाताचं पिस्तूल" शोधत दुकानं पालथी घालू नका, ते जवळजवळ नसतंच. डोळा तपासा, डावी ग्रिप मागा, ट्रिगर लावून घ्या. बटणांची काळजी शेवटी. आणि उद्या तुमच्या ड्रॉइंग शीटवर एखाद्या मशीनचा हँडल काढायची वेळ आली, तर पेन्सिल टेकवण्याआधी वर्गातल्या त्या पाच-सहा जणांना एकदा विचारून बघा!