रिकाम्या दिसणाऱ्या कुंड्या

कोल्हापुरातल्या शिवाजी विद्यापीठाची वनस्पती बाग भर मे महिन्यात पाहू नये. कंदीलपुष्पांच्या कुंड्यांत तेव्हा माती आणि नावाची पाटी, एवढेच दिसते. वरचे झाड सुकलेले, कंद मातीखाली निजलेला. ऑगस्ट-सप्टेंबरात यावे.

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. गुराख्यांची खरचुडी किंवा हमण. पाच पाकळ्या टोकाला जुळून वर खिडक्यांचा घुमट होतो, खाली अरुंद नळी, तळाला फुगीर कोठी. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत घसरते. नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले, त्यामुळे उलट चढता येत नाही. कोठीत धडपडताना परागांच्या पिशव्या तिला चिकटतात. मग केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी सुटते, ती बहुधा पुढच्या फुलात अडकायलाच! फुले भरपूर लागली तरी शेंगा मोजक्याच धरतात, त्या या नाजूक व्यवहारामुळे.

त्यात कंद खाण्याजोगा. माणूस उकरतो, साळिंदर उकरते, रानडुक्कर उकरते. सह्याद्रीतल्या कित्येक जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्या आहेत. हरिश्चंद्रगडावरची ‘सेरोपेजिया लॉई’ त्यांतलीच. असा डोंगर वणव्यात गेला, की जातीवरच संकट.

वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोंगर पालथे घालून या जाती बागेत आणल्या. बिया रुजवल्या, ऊतिसंवर्धनाने रोपे वाढवली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या बागेला ‘लीड बोटॅनिकल गार्डन’चा दर्जा दिला, त्यात या कामाचा वाटा मोठा असावा. पण मला दर्जापेक्षा त्यापुढची खटपट मोलाची वाटते: वाढलेली रोपे पुन्हा त्यांच्या डोंगरांवर नेऊन लावण्याची. कुंडीतल्या फुलाला पाणी वेळेवर मिळते, पण त्याची माशी त्या डोंगरावर असते. साळिंदरही तिथेच असते. म्हणून रोपे लावताना उतार, दगडांच्या फटी, गुरांची वाट, सगळे पाहावे लागते. आणि लावलेले रोप जगले की नाही, हे पुढच्या पावसाळ्यात तो डोंगर पुन्हा चढल्यावरच कळते.